नाव घातलेला गडू

प्रवीणने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, ह्यो गडू वळखतंस?"

चष्मा शोधण्यात थोडा वेळ गेला. फोटोत एक तांब्याचा गडू होता, एका अंगाने चेपलेला, हिरवा पडलेला. कुणीतरी त्याचा गळा घासला होता आणि तेवढ्या पट्ट्यात ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वाचता येत होती. 'चि. प्रभावतीस, यशवंत, पार्से, पेड'. पुढचं 'णे' मावलं नव्हतं. त्यावरून म्हापशाच्या कासाराशी माझं भांडण झालं होतं. तो म्हणाला होता, तुमच्या बहिणीला स्वतःचं माहेर ठाऊक आहे, गडूने सांगायची गरज नाही.

प्रभावती माझी धाकटी बहीण आणि प्रवीण तिचा एकुलता एक मुलगा. बहिणीच्या लग्नात भावाने नाव घालून भांडं द्यायचं, तसा तो गडू मी दिला होता.

"खंय गावलो?" मी विचारलं.

"तुमच्या कोळशाच्या खाणीत. आता मशीन लावन ती वरसून उघडतत ना, थंय. जुन्या बोगद्यात हाडां गावली. हाडांच्या बाजूक ह्यो. थंयच्या पोलिसांनी पार्शाच्या पंचायतीत फोटो धाडलो."

तो गडू खाणीवर कोणाकडे होता हे मला कुणी सांगायला नको होतं. माझा मेव्हणा गोकुळदास, म्हणजे प्रवीणचा बाप, तो आपल्याबरोबर घेऊन गेला होता. आणि गोकुळ तर पळून गेला होता! चाळीसेक वर्षं सगळा गाव हेच सांगत आला होता. बाजारातली बाई घेऊन पळाला, बायको-पोर टाकून पळाला, देवीचं व्रत मोडून पळाला. मीही तेच म्हणत होतो, आणि चारचौघांपेक्षा मोठ्याने म्हणत होतो, कारण तो माझा मेव्हणा होता आणि लग्न मी जुळवलं होतं.

"तो पळाक नाय, मामा," प्रवीण म्हणाला. हे वाक्य तो जन्मात पहिल्यांदाच बोलत होता. मग त्याने विचारलं, "आवशीक कोण सांगतलो?"

प्रभाला सांगणारा मीच असणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

आमच्या गोव्यात खाण म्हटलं की लोकांना उघडा लाल डोंगर दिसतो. डोक्यावर ऊन, ट्रकांच्या रांगा, आणि मुरगाव बंदरावर जहाजं थांबलेली. मी सुट्टीवर यायचो तेव्हा डिचोलीच्या बाजारात कोणीतरी हटकून विचारायचं, "तुमच्या खाणीर ट्रक किती रे?" मी सांगायचो की ट्रक नाहीत, आमची खाण जमिनीच्या पोटात आहे, तिथे आकाश दिसत नाही. मग हसायचे. "आकाश नाय असली खाण खंय आसता?" समजावून सांगता सांगता घसा कोरडा पडायचा, आणि समोरचा शेवटी म्हणायचा, म्हणजे पगार चांगला असणार. पुढे पुढे मी कानाला खडा लावला. विचारलं की सांगायचो, ट्रक पुष्कळ आहेत.

ती खाण इथून लांब, चांद्याकडे, बल्लारशाच्याही पुढे. जमिनीत तिरका उतरत जाणारा बोगदा होता. तोंडाशी दिवा घ्यायचा, तो टोपीला लावायचा, त्याची बॅटरी कमरेला बांधायची आणि रुळांच्या कडेने चालत सुटायचं. पाठीमागचा उजेड लहान लहान होत जातो आणि एका वळणानंतर दिसेनासा होतो. तिथून पुढे टोपीवरचा दिवा जेवढं दाखवील तेवढंच जग. दिवस, रात्र, श्रावण, शिमगा, सगळं वर राहिलं. खाली एकच हवामान: घामाचं आणि ठिबकणाऱ्या पाण्याचं. डोक्यावर दगडाचं छत आणि त्याला लाकडाचे टेकू. बसायच्या आधी लोखंडी सळीने छत ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर बसायचं, बद्द वाजलं तर तिथून निघायचं. छत यायच्या आधी टेकू कुरकुरतो, तो आवाज मला अजून ओळखता येतो. शेजारच्याच्या माडीवर कोणी लाकडी खाट सरकवली तरी मी जेवता जेवता उठतो. घरातली माणसं हसतात. हसू देत. त्यांनी त्या छताखाली भाकरी खाल्लेली नाही.

आणि एक रीत होती. खाली माणूस मेला तर त्याला नुसता उचलून वर आणत नसत. प्रत्येक वळणावर थांबायचं, त्याला नावाने हाक मारायची आणि वाट सांगायची. नाहीतर तो खालीच चुकतो, त्याला घर सापडत नाही, असं तिथले जुने कामगार मानायचे. सांगायचं ते त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने. तसं कोणी नसलं तर टेकू बसवणारा पोचम मिस्त्री सांगायचा. "बापू, डाव्या हाताले वळ. आता चढ हाय, बापू. भिऊ नको, आता उजेड येते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग माझ्या शेजारी फावडं मारणारा एक जण गेला, आणि त्याला वर आणताना पोचमच्या जोडीने मीही वळणं ओरडत होतो. त्यानंतर मी हसलो नाही.

गोकुळला तिथे मी नेला. आमचा मुकादम सखाराम सावंतवाडीकडचा, आपल्या भागातली माणसं भरायचा. गोकुळ तेव्हा शिरगावाजवळच्या आपल्या वाड्यावर दुसऱ्याच्या कुळागरात, पोफळीच्या बागेत, राबत होता. नवीन लग्न झालेलं, प्रवीण नुकताच जन्मलेला. मी म्हटलं, चल, कायमची नोकरी होईल. तो आला. आम्ही दोघे एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो. कामाला वाघ होता, पण त्याची एक गोष्ट मला कधीच पटली नाही.

तो लईराईचा धोंड होता. शिरगावच्या जत्रेला हे धोंड वेताची काठी घेऊन रात्री निखाऱ्यांतून जातात, आणि त्याआधीचे काही दिवस व्रत पाळतात. रोज आंघोळ, स्वतः रांधलेलं शिवराक, म्हणजे मासळी-मटणाशिवायचं, जेवण, दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणीसुद्धा चालत नाही. गावात असताना ठीक आहे. पण कोळशाच्या खाणीत सोवळं? अंगावर काळ्याचा थर, नाकात काळं, थुंकी काळी, आणि हा पठ्ठ्या मधल्या सुट्टीत आमच्यापासून उठून लांब बसणार, बहिणीच्या लग्नातल्या गडूतलं पाणी पिणार! आम्ही सगळे एका डब्यातलं पाणी प्यायचो. मी त्याला सांगितलं, "गोकुळा, हांगा देवी बघूक येणा नाय." तो म्हणाला, "ती येणा नाय म्हणानच पाळूचा लागता." असल्या माणसाशी काय बोलणार?

त्या वर्षी जत्रेच्या आधी मी एकटाच पुढे पार्शाला आलो, घर शाकारायचं होतं. गोकुळ मागून येणार होता. प्रभाने त्याची वेताची काठी पुसून तिला नवे लोकरीचे गोंडे बांधले आणि पोराला काखेत घेऊन ती शिरगावात तळीवर जाऊन उभी राहिली. सगळे धोंड न्हाऊन गेले. गोकुळ आला नाही.

मी परत खाणीवर गेलो तर खोलीतून त्याची ट्रंक नाहीशी झालेली. सखाराम मुकादम म्हणाला, "तो शनिवारीच गेलो. ट्रंक घेवन, माका सांगान गेलो." ट्रंक गेली म्हणजे माणूस गेला, त्यात शंका घेण्यासारखं काय होतं? पुढे चार-सहा दिवसांनी त्यानेच खालच्या आवाजात सांगितलं की बाजारात एक बाई होती. मी काठी घेऊन त्या बाईला शोधत बाजारभर हिंडलो. तसली बाई कोणाला माहीतच नव्हती. मला वाटलं, तीही त्याच्याबरोबर गेली.

प्रभाने ती वर्षं कशी काढली हे मी सांगू नये, पण सांगतो. काजूच्या कारखान्यात बिया सोलून तिची बोटं कायमची काळी झाली. माझी खाणीतली बोटं निदान निवृत्तीनंतर उजळली. पंगतीत तिच्या शेजारी बसलेल्या बायका मुद्दाम नवऱ्यांच्या गोष्टी काढायच्या. शेजारची मालती तर तोंडावर विचारायची, "प्रभा, तुझ्या घोवाची चिठ्ठी इली काय गो?" पोराला शाळेत 'पळपुट्याचो' म्हणायचे. देवीच्या धोंडाने देवीला फसवलं, म्हणून जत्रेच्या दिवशी ही दार आणि जनेल लावून आत बसायची. तेव्हापासून तिने देवळाचं तोंड पाहिलं नाही.

तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण पूर्वी 'ते' म्हणायची, ते गेलं आणि तिथे 'निसंग' आला. निसंग म्हणजे ज्याला कसलीच लाज नाही असा. दिवसातून दहा वेळा तो शब्द तिच्या तोंडात. निसंगान ही खुंटी ठोकल्यान. निसंगाक आंबाड्याचा सासव आवडा. आणि आंबाडे लागले की मोहरी वाटून तो आंबटगोड सासव करायचीच, वर शिव्या देत वाढायची. मंगळसूत्र मात्र काढलं नाही. सासूने एकदा सुचवलं तर म्हणाली, "जितो आसा तो. मी कित्याक काडू?"

अशा बाईला मला तो गडू नेऊन द्यायचा होता.

आधी प्रवीणच्या रक्ताची तपासणी झाली. हाडं त्याच्या बापाची आहेत हे ठरेपर्यंत पावसाळा गेला. तेवढे महिने आम्ही दोघे प्रभासमोर तोंड शिवून वावरलो. मी दर रविवारी पार्शाहून तिच्याकडे जायचो, पोदेराचे पाव घेऊन, आणि ती निसंगाचं काहीतरी काढायची. चहाच्या पेल्यात बघत मी हं हं करायचो. "दादा, तू आजकाल त्याका शिव्या घालूक नाय?" तिने एकदा विचारलंसुद्धा. मी म्हटलं, वय झालं. शेवटी बोलावणं आलं तेव्हा पेन्शनचं काम आहे असं सांगून मी आणि प्रवीण गाडीत बसलो.

प्रवासभर मी वळणं आठवत होतो. बोगद्याचं तोंड, पहिला चौक, पंपघर, तिथून डावीकडे जुन्या भागात. सगळी पाठ होती. मी मनाशी धरलं होतं की गोकुळला त्या वाटेने बाहेर आणायचं, प्रत्येक वळणावर नाव घेऊन. राहिलेलं तेवढं तरी नीट करायचं.

खाणीच्या कडेला जाऊन उभे राहिलो. खाली पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा, त्यात डंपर, धूळ आणि वर सगळं आकाश. प्रवीण शिरगावच्या खाणीवर डंपर चालवतो. मधे खाणी बंद होत्या तेव्हा टॅक्सी चालवायचा, आता परत डंपर. त्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"मामा, ह्या तर आमच्या शिरगावासारख्याच."

मला त्याचा राग आला. त्याचं काय चुकलं होतं? जन्मभर मी गोव्याच्या लोकांशी भांडलो की माझी खाण तशी नाही, आणि ह्यांनी ती अगदी तशीच करून ठेवली. छत कापून फेकून दिलं. ज्याच्या भीतीने आम्ही घास गिळताना वर बघायचो ते छतच नाही. चौक नाही, पंपघर नाही, डावीकडे नाही नि उजवीकडे नाही. गोकुळला काय सांगणार होतो? कुठे वळ म्हणून सांगणार होतो?

पोचम मिस्त्री अजून तिथेच वस्तीत राहतो, मोतीबिंदूने डोळे गेलेले. हाडं सापडल्याचं त्याला कळलं होतं. माझा आवाज ऐकल्याबरोबर म्हणाला, "तो लोटावाला ना?"

मी विचारलं, "कोणता लोटावाला?"

"तुझा पाव्हणा. रविवार होता. मी नळावर आंघोळ करत होतो. सखाराम पुढं, हा मागं, हातात तांब्याचा लोटा. मी हसलो, म्हनलं, लोटा घेऊन कुठं, खानीत का वावरात? तो भी हसला. दुसऱ्या दिवशी कळलं, जुन्या भागात छत आलं. मी सखारामले इचारलं, तो कुठाय? तो म्हने, दुपारीच वर आला, गाडीनं गावाला गेला. मी कायले खोटं समजू? तुमच्याच गावाकडला मुकादम होता."

मग सगळं जुळलं. रविवारी खाण बंद. पण जुन्या, संपलेल्या भागातले टेकू काढून दुसरीकडे वापरायचे असले की सखाराम सुट्टीच्या दिवशी गुपचूप एखाद्याला घेऊन खाली जायचा. ते काम सगळ्यात वाईट, टेकू काढला की छत कधीही येणार. गोकुळची रजा सखारामच्या हातात होती. एक रविवार ये, मग सोमवारची गाडी धर, असं म्हणाला असणार. हजेरी नाही, नाव नाही. दुपारी सखाराम जेवायला पंपघराकडे आला, तिथलं छत पक्कं होतं. एरवी गोकुळही त्याच्या मागोमाग आला असता. पण त्याचं सोवळं होतं. तो आपला गडू घेऊन तिथेच एका कोपऱ्यात बसला.

सखाराम वर आला, खोलीत जाऊन ट्रंक उचलली आणि तोंड पुसलं. पुढच्या आठवड्यात त्या भागाच्या तोंडाशी विटांची भिंत घातली. सांगण्यात असं आलं की एक दिवा गाडला गेला, माणूस कोणी नव्हता. भिंत बांधताना विटा पोचवायला मीही होतो. मला कुठे काय माहीत होतं?

सखाराम आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर, मुलानातवंडांत मेला. त्याच्या बाराव्याला मी मुद्दाम गेलो होतो. दोन लाडू खाल्ले, तिसरा आग्रहाने वाढला. हे आठवलं की अजून तोंडात काहीतरी कडू येतं, आणि जिवंत असता तर त्याचा गळा धरला असता असं वाटतं. पण गळा जळून गेला. आता मी कोणाशी भांडू?

लाल फडकं बांधलेलं अस्थींचं मडकं पोलिसांनी आमच्या हातात दिलं. गाडीत प्रवीणने ते मांडीवर घेतलं आणि थिवीपर्यंत खाली ठेवलं नाही. बापाने त्याला कधी मांडीवर घेतलं होतं की नाही, कोण जाणे. थिवीला त्याच्या मित्राची टॅक्सी होती. गाडी सुरू झाली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "गोकुळा, ह्या अस्नोडा इला हां. आता पूल." टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं. बघू दे. जिथे सांगायचं होतं तिथली वाट कापून टाकली होती, म्हणून मी इथली सांगत होतो. "आता डावीकडे, गोकुळा. आता चढ." प्रवीण आधी खिडकीबाहेर बघत राहिला. मग एका वळणावर मी खोकल्याने अडकलो, तेव्हा त्याने खाली वाकून मडक्याला हळूच सांगितलं, "हांगा उजवीकडे."

अस्थी घरात नेत नाहीत. वाड्याच्या तोंडाशी, जिथून प्रभाच्या घराची पायवाट उजवीकडे फुटते, तिथे आंब्याच्या फांदीला मडकं टांगलं. प्रवीण खाली बसून राहिला. "मामा, तू जा," म्हणाला. मी गडू घेऊन गेलो.

प्रभा ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी गडू तिच्यासमोर ठेवला. तिने सूप बाजूला केलं, गडू उचलला, अंगठ्याने गळ्यावरून अक्षरं चाचपली आणि माझ्याकडे बघितलं.

"खंय गावलो?"

मी सगळं सांगितलं. रविवार सांगितला, सखाराम सांगितला, सोवळं सांगितलं, भिंत सांगितली. ती गडूचा चेपलेला भाग बोटाने दाबत होती, जसा काही तो आतून बाहेर येणार होता.

"म्हणजे जत्रेक येवचो होतो?" तिने विचारलं.

"होय. सोमवारची गाडी धरूचो होतो."

"माझ्याकडे येवचो होतो?"

"होय गो."

मला वाटत होतं की आता ती रडेल. खरं सांगायचं तर आतल्या आत मला असंही वाटत होतं की तिला बरं वाटेल. तिचा नवरा पळाला नव्हता, तिला टाकलं नव्हतं. गावाची थोबाडं बंद झाली. मी तिला मानाची गोष्ट आणून दिली असं मी मूर्ख समजत होतो.

ती म्हणाली, "पळान गेलो आसतो तर बरा झाला आसता रे दादा. जितो तरी आसतो."

तिने गडू मांडीवर पालथा घातला.

"मी दर दिसा त्याका शिव्या घातलंय. वाटायचा, खंय तरी बसान ऐकता आसतलो. म्हातारो झालो आसतलो. त्या रांडेन घरातसून भायर काडल्यान की येतलो, दारात उभो रवतलो, आणि मी पायरेर चडूक दिवचंय नाय. काय काय बोलूचा ता सगळा मी येवजून ठेवलेला." तिने गडू पदरात घेतला. "आता ता कोणाक बोलू?"

संध्याकाळ व्हायच्या आत वाड्यावर बातमी फिरली आणि बायका आल्या. पुढे मालती. चाळीस वर्षं ज्या जिभेला हाड नव्हतं ती आता मधात बुडवून आणलेली. "प्रभा, तुझो घोव मोठो धोंड गो! सोवळ्यात गेलो. देवीन त्याका आपल्याकडे नेल्यान." मग बसून, घसा साफ करून मुद्द्यावर आली. "आता रीत ती रीत. गळ्यातला काडूक व्हया. आमी आसव गो."

प्रभा उठून उभी राहिली. "इतकी वर्सां म्हणत होतास, हिका घोव नाय. तेव्हा ह्या मंगळसूत्राक हसलास. आता घोव आसलो म्हणान काडूक इलास? आदी भायर व्हा!" मालतीने माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी म्हातारा भाऊ, बहिणीला दोन शब्द सांगेन. मी सांगितले, पण ते मालतीला. इथे लिहिण्यासारखे नाहीत.

सकाळी आम्ही अस्थी घेऊन हरवळ्याला निघणार होतो, नदीवर. प्रवीणने मडकं आंब्यावरून काढलं, गाडीचं दार उघडलं. तेवढ्यात प्रभा वाटेवर आली, हातात तो गडू, चिंचेने घासून लखलखीत केलेला, पाण्याने भरलेला.

"पयलो घराक व्हर त्याका," ती प्रवीणला म्हणाली.

"आई, अस्थी घराक नेणत नाय."

"दारापर्यंत. तो घराक येवक निघाललो ना? मगे येवंदे."

प्रवीणने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग मी प्रभाला खाणीतली रीत सांगितली. कालपर्यंत सांगायचं धैर्य झालं नव्हतं. वळणावर थांबायचं, नाव घ्यायचं, वाट सांगायची. सगळ्यात जवळच्या माणसाने. मी इतका वेळ सांगत आलो, पण इथून पुढे ते माझं काम नव्हतं.

"नाव घेवक व्हया?" तिने विचारलं.

"हाक मारूक व्हयी. नायतर त्याका कळणा नाय."

पायवाट जिथे उजवीकडे फुटते तिथे ती उभी राहिली. प्रवीण मडकं घेऊन तिच्यासमोर. तिने ओठ उघडले. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. 'ते' म्हणून बघितलं, पण तो शब्दही इतक्या वर्षांत सवयीचा राहिला नव्हता, अर्धाच फुटला. शेजारच्या दारांतून बायका बघत होत्या. प्रभा मडक्याकडे टक लावून बघत होती आणि तिच्या हातातल्या गडूतलं पाणी हिंदकळून पायांवर सांडत होतं.

मग तिला हाक सापडली. सगळ्या वाड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती ओरडली.

"वळ रे निसंगा! उजवीकडे वळ. घर हांगा आसा."

प्रवीण उजवीकडे वळला.